जिथं झोपायचो, तिथंच शिकायचो

इतिहासाचा तास जिथं भरायचा, तिथं थोड्या वेळापूर्वी माझी वाकळ पसरलेली असायची. दया मिळावी म्हणून हे सांगत नाही. दया मला तेव्हाही नको होती आणि आता तर तिचा रागच येतो. आज त्या कॉलेजची दगडी इमारत बघायला लोक लांबून येतात, कमानीखाली उभं राहून फोटो काढतात. कमान सुंदर आहे. पण कॉलेज कमानीपासून सुरू झालं नाही. ते कुठून सुरू झालं हे मी पाहिलं आहे आणि ते लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं लष्कर मोडलं आणि औरंगाबादच्या छावणीतल्या बराकी रिकाम्या पडल्या. त्यांतल्या दोन आमच्या कॉलेजला मिळाल्या. एकीत ऑफिस, थोडी पुस्तकं आणि विज्ञानाच्या बाटल्या. दुसरीत आम्ही. लांबच लांब खोली, हातभर जाडीच्या भिंती, वर कौलं, आणि भिंतीत ओळीनं ठोकलेल्या लाकडी खुंट्या. शिपाई त्या खुंट्यांना बंदुका टांगत. आम्ही सदरे टांगत होतो. ते शिपाई कुठं गेले, त्यांच्या चुली कशा पेटतात, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. जुनं राज्य गेलं, जागा आमची झाली. त्या वयात हिशेब एवढा सोपा असतो.

मी सोयगावकडचा. आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. बाजाराच्या दिवशी कुठं सभा झाली की वडील लोकांनी टाकलेली पत्रकं गोळा करून आणायचे, आणि आई खळ लावून ती भिंतीला चिकटवायची, कारण भिंतीचे पोपडे गळायचे. मी त्या भिंतीवर वाचायला शिकलो. इतर पोरं ‘कमळ बघ’ वाचत होती तेव्हा मी ‘बंधूंनो, जागे व्हा’ वाचत होतो. त्यामुळं मला साधं बोलता येत नसे. पाणी मागायचं तरी माझं वाक्य सभेत उभं राहिल्यासारखं निघे. बराकीत माझ्या शेजारी झोपणाऱ्या गंगापूरच्या मुलानं पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘पत्रक’ ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं.

“ए पत्रक, ऊठ. टोल झाला. बंधूंनो, जागे व्हा.”

टोल म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिला टोल झाला की आम्ही वळकट्या बांधायच्या, पेट्या कोपऱ्यात रचायच्या आणि झाडून घ्यायचं. दुसरा झाला की भिंतीला लावलेली बाकं मधे ओढायची. तिसऱ्याला वर्ग. बाकं पुरत नव्हती, म्हणून राहणारी मुलं मागं आपापल्या वळकटीवर बसत आणि शहरातून सायकलीवर येणारी मुलं पुढं बाकांवर. संध्याकाळी सगळं उलट. बाकं भिंतीला, वळकट्या मधे. काही दिवसांनी त्या खोलीला आमच्या हातांची सवय झाली, असंच म्हणावं लागेल. डोळे मिटूनही आम्ही तिचा वर्ग करू शकलो असतो.

चपलांची गोष्टही अशीच आपोआप सुरू झाली. जिथं अंथरूण टाकायचं तिथं चपला घालून कोण येईल? आम्ही दाराबाहेर काढायचो. इतिहासाचे सर मात्र पुण्याकडून आलेले. ते पहिल्या दिवशी बूट घालून आत आले आणि तासभर फळ्यासमोर फेऱ्या मारून शिकवलं. तास संपल्यावर गंगापूरच्यानं ओलं फडकं घेतलं आणि बुटांचा माग पुसत पुसत दारापर्यंत आला. दारात सर उभे होते. विसरलेलं पुस्तक न्यायला परतले होते. त्यांनी फडक्याकडं पाहिलं, खुंट्यांवरच्या सदऱ्यांकडं पाहिलं, आणि पुस्तक न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उंबऱ्याबाहेर खाली बसून नाड्या सोडल्या आणि पायमोज्यांनी आत आले. मग बाकीचे प्राध्यापकही. सायकलवाली मुलं आधी कुरकुरली. पण सरच काढतात म्हटल्यावर बोलणार काय?

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास होता तर शहरात खोली घ्यायची. आम्ही दोघं गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी उस्मानपुऱ्यापासून सुरुवात केली आणि ऊन उतरेपर्यंत दारं वाजवली. घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग आडनावावरून कळलं नाही तर सरळच विचारायचे. कुणी दार लावलं, कुणी खोली कालच गेली म्हणून सांगितलं. एका भल्या माणसानं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि तोंड पाडून म्हणाला, “खोली आहे बाबांनो. पण विहीर एकच आहे.” एका मुसलमान विणकराच्या घरी माडी रिकामी होती. म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, “घर में औरतां हैं बेटा, नहीं तो मना नहीं करता.” त्याचं कारण निदान खरं होतं. आम्ही पाणी पिऊन परत आलो. म्हणजे बराकीतली ती वाकळेएवढी जागा गेली तर आमच्यापुढं दुसरी जागा नव्हती. शिक्षण संपलं असतं आणि आम्ही मोटार धरून गावी गेलो असतो.

अशात बातमी आली की कॉलेजच्या मान्यतेसाठी हैदराबादहून समिती येणार.

प्राचार्यांनी राहणाऱ्या मुलांना लिंबाखाली बोलावलं. गोलगोल बोलणं त्यांना जमत नसे.

“वसतिगृह वेगळं आहे असं आपण अर्जात लिहिलं आहे. तेव्हा वाटलं होतं, एव्हाना भिंती उभ्या राहतील. तुम्ही बघताच, जोतं झालं आणि दगड यायचा थांबला. समितीला एकाच खोलीत दोन्ही दिसलं तर मान्यता अडकेल. नाहीतर ते सांगतील, ही खोली वर्गाची, मुलं बाहेर काढा. उद्या सकाळी इथं फक्त वर्ग दिसला पाहिजे.”

मी उठलो. माझ्यासारख्यानं न उठणं शक्यच नव्हतं.

“सर, पण हे खोटं आहे.”

“हो.”

“आपण खोटेपणाविरुद्ध कॉलेज काढलं ना?”

“आपण शिकण्यासाठी कॉलेज काढलं,” प्राचार्य म्हणाले. “तू मला दुसरी खोली दाखव. कुठंही असू दे. मी आत्ता तुझ्याबरोबर चालत येतो.”

त्यांच्या आवाजात चिडण्याचा अंशही नव्हता, आणि त्यामुळं मला आणखी राग आला. मी बराकीत जाऊन एका पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहायला बसलो. मजकूर मला आजही पटतो. आम्ही लपावं असं आम्ही काही केलेलं नाही. लपावं त्यांनी, ज्यांच्या विहिरी आमच्या सावलीनं बाटतात. आम्ही जिथं झोपतो तिथंच शिकतो आणि त्याची लाज या शहराला वाटली पाहिजे. हे समितीच्या हातात द्यायचं मी ठरवलं. गंगापूरच्यानं खांद्यावरून वाचलं.

“आधी ते ‘बंधूंनो’ खोड. हैदराबादचे साहेब तुझे कुठले बंधू?”

“थट्टा नको. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“व्हय, तत्त्वाचा हाय. पण पत्रक, एक सांग. तुझं खरं बोलून झालं अन् आपल्याला काढलं, तर तू सोयगावला जाशील. तुझा बाप हे भिंतीला लावील. चार लोक वाचतील. मी गंगापूरला जाऊन काय करू? कुणाच्या उसाला दारं धरू?”

त्याचा बाप दुसऱ्याच्या उसाला पाण्याची दारं धरतच म्हातारा झाला होता, हे मला ठाऊक होतं. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. देईन किंवा नाही, ते उद्या बघू, असं मनाशी म्हटलं.

सकाळी आम्ही वळकट्या, पेट्या, आरसे, कंदील, सगळं उचलून भटारखान्यात नेलं. स्वयंपाकाच्या मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

“आता भाकरी कुठं थापू? तुमच्या गोधड्यावर?”

“आजच्या दिवस, मावशी.”

“आजच्या दिवस म्हणत म्हणत माझा चुलीपुढं जल्म गेला. ती पेटी तिथं नको ठिवू! पिठाचा डबा हाय मागं.”

सदरे काढल्यावर खुंट्या उघड्या पडल्या. खोली मोठी आणि परकी दिसायला लागली. मागच्या ओळींसाठी ऑफिसातल्या सतरंज्या आणून घातल्या. प्राचार्य एकदा टोकापासून टोकापर्यंत चालत गेले, कोपऱ्यातून कुणाची तरी फणी उचलून खिशात घातली आणि मान हलवली. खरोखर वर्ग दिसत होता.

समितीत दोघं होते. एक शेरवानीतले वयस्क गृहस्थ आणि एक तरुण अधिकारी, हातात फाइल घेतलेला. ते आधी ऑफिसात बसले, पुस्तकं पाहिली, बाटल्या पाहिल्या. मग तासाची वेळ झाली आणि दोघं आमच्या बराकीच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. तिसरा टोल पडला.

आम्ही रांगेनं दाराशी आलो आणि चपला काढल्या. राहणाऱ्यांनी काढल्या, सायकलवाल्यांनी काढल्या, एकामागं एक, जोड्या भिंतीशी नीट लावून. मागून इतिहासाचे सर आले. समिती येणार म्हणून त्यांनी बुटांना पॉलिश केलं होतं. ते समितीच्या डोळ्यांदेखत उंबऱ्यापाशी बसले, नाड्या सोडल्या, चकचकीत बूट चपलांच्या शेजारी ठेवले आणि पायमोज्यांनी फळ्याकडं गेले. हे करताना आम्हाला कुणालाच काही जाणवलं नाही. आम्ही कंगवा-फणीसुद्धा लपवली होती. पाय तेवढे लपवायचे राहिले.

मला कळलं ते प्राचार्यांचा चेहरा बघून.

शेरवानीवाले दारातच थांबले. खाली चपलांच्या रांगेकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“प्रोफेसर साहब, मस्जिद में जूते उतारते हैं. घर में उतारते हैं. क्लास में उतारते हुए मैंने आज पहली बार देखा. वजह?”

सर फळ्याजवळ खडू धरून उभे. “स्वच्छता...” एवढंच म्हणाले आणि थांबले. इतकी वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला खोटं बोलायचा सराव नव्हता.

माझा हात खिशाकडं गेला. हीच वेळ होती. पण कागद बोटांना लागला आणि वाटलं, त्यांनी विचारलं आहे एवढंच, की चपला का काढता. माझ्या कागदात शहराला उत्तर होतं, देशाला होतं, या प्रश्नाला नव्हतं. मी असा अडखळलो तोवर शेजारचा उठून उभा राहिला होता.

“साहेब, घर हाय ते आमचं,” गंगापूरचा म्हणाला. “रातच्याला इथंच निजतो. मी इथं, हा पत्रक तिथं. घरात चपला घालून कोण येतं?”

“और सामान कहाँ है?”

“भटारखान्यात. मावशी लई कावल्या हायेत.”

पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तरुण अधिकारी फाइलमध्ये लिहायला लागला. शेरवानीवाले हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “शहर में कमरा नहीं मिलता?”

“मिळतो की. पण विहीर एकच असती.”

बहुधा त्यांना वाक्य कळलं नसावं असं मला वाटलं. मग त्यांनी मान खाली घातली, तेव्हा कळलं की कळलं आहे. ते प्राचार्यांकडं वळले.

“अर्जी में तो कुछ और लिखा है, प्रिन्सिपल साहब.”

“हो. मी लिहिलं,” प्राचार्य मराठीतच म्हणाले. “जोतं बाहेर आहे. बघायचं असेल तर दाखवतो.”

ते जोतं बघायला गेले. परत आल्यावर टांग्यात बसायच्या आधी शेरवानीवाल्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मान्यता के लिए मैं लिखूँगा. मगर जिस कमरे में लड़के सोते हैं, उस में क्लास नहीं होगी. ये भी लिखूँगा. आगे आप सोचिए.”

टांगा गेला. माझं डोकं तापलं होतं. विहिरीचं ऐकून ज्यानं मान खाली घातली, त्यानं शेवटी नियमच सांगितला. आजही माझं त्या माणसाबद्दल पक्कं मत होत नाही. त्यानं नियम वाकवला नाही आणि आम्हाला हाकललंही नाही. नियमाचं एक टोक मोकळं सोडून तो निघून गेला. त्या संध्याकाळी आम्हाला मात्र एकच अर्थ दिसत होता. कॉलेज राहणार, आम्ही जाणार. भटारखान्यातून वळकट्या परत आणल्या खऱ्या, पण पुष्कळांनी त्या सोडल्याच नाहीत. गंगापूरच्यानं पेटीला दोरी बांधली.

“तू खरं बोललास,” मी त्याला म्हणालो.

“मला काय ठाऊक खरं का खोटं. त्यानं इचारलं, मी सांगितलं. सर एकटेच उभे होते, बघवंना.”

दुसऱ्या दिवशी पहिला टोल झाला आणि आम्ही सवयीनं उठलो. दारात प्राचार्य होते.

“वळकट्या राहू द्या,” ते म्हणाले. “बाकं बाहेर काढा.”

आम्ही बघतच राहिलो.

“मुलं झोपतात तिथं वर्ग नको, असं त्यांनी सांगितलंय. मुलं इथंच झोपणार. म्हणजे वर्ग इथं नको. उचला.”

त्या दिवसापासून आमचं कॉलेज उघड्यावर आलं. इतिहास लिंबाखाली, फळा बुंध्याला बांधून. अर्थशास्त्र ऑफिसच्या व्हरांड्यात. इंग्रजी घोड्यांच्या जुन्या पागेत, तिथं अजून दावणीचे खुंट होते. आणि तर्कशास्त्र वसतिगृहाच्या जोत्यावर. भिंती न उठलेल्या आमच्या भावी खोल्यांत, म्हणजे अमुक खोलीत बाकं आणि तमुक खोलीत सर. मला हे फार आवडलं. कुणी काही लपवत नव्हतं. रस्त्यानं जाणारा टांगेवालाही थांबून दोन वाक्यं ऐकून जाई. माझ्या पत्रकात जे होतं ते प्रत्यक्षात उतरलं, असं मला वाटलं.

चैत्र लागला आणि मग मला दुसरी बाजू दिसली. दाखवली ती उस्मानपुऱ्याहून सायकलीवर येणाऱ्या एका मुलानं. वकिलाचा मुलगा. त्याची पँट नेहमी कडक इस्त्रीची. एके दिवशी पागेबाहेर तो कपाळ पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

“तुम्हाला झोपायला सावली पाहिजे म्हणून आम्ही दिवसभर उन्हात.”

मी सुरू झालो. शतकानुशतकं उन्हात कोण होतं, इथपासून. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

“झालं? आता मला सांग, आम्हाला कुणी विचारलं होतं का?”

कुणीच विचारलं नव्हतं. छप्पर आमचं राहिलं, ऊन सगळ्यांना मिळालं, आणि ते त्यांनी मागितलेलं नव्हतं. “वडील म्हणतात, हैदराबादला जा,” तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला. पुढं काही दिवस आला नाही. मग आणखी दोघं यायचे थांबले. प्राचार्य रोज लिंबाखालची डोकी मोजताना दिसायला लागले. शहरातली मुलं गेली तर कॉलेज राहणार नाही आणि कॉलेज गेलं तर बराक कुणाची, हे सांगायला कुणी तर्कशास्त्र शिकवण्याची गरज नव्हती. मी पहिल्यांदा असा विचार केला की आपल्या हक्काची किंमत दुसराही भरतो आणि त्याला ‘बंधूंनो’ म्हणून भागत नाही. याचा अर्थ हक्क सोडावा असा नाही. आम्ही तो सोडणार नव्हतो. पण त्याच्याशी सरळ बोलायला हवं होतं.

मी आणि गंगापूरचा चालत उस्मानपुऱ्यात गेलो. वकिलाच्या मुलानं आम्हाला दारातच पाहिलं आणि बाहेर आला.

“भाषण आणलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “सकाळचे तास लवकर घ्यायला सर तयार आहेत. टोल आम्ही वाजवू. ऊन चढायच्या आत इतिहास आणि इंग्रजी होईल. तुला चालेल का, एवढं विचारायला आलो.”

आतून कुणी हाक मारली, तो गेला. आम्ही परत आलो.

सोमवारी तो आला. सायकलच्या कॅरियरला गोणपाट बांधलेलं होतं. ते त्यानं लिंबाखाली पसरलं आणि आमच्या मधे बसला, बाकावर नाही. लवकर म्हटलं तरी इतिहासाचा तास लांबलाच. सावली हळूहळू सरकली आणि त्याच्या खांद्यावर ऊन आलं.

“सरका की जरा. सावली काय तुमच्या वसतिगृहाची आहे?”

“नाय बा,” गंगापूरचा सरकत म्हणाला. “सावली तुम्हा सायकलवाल्यांतली. सांजच्याला घरी जाती.”

तो हसला. सरांनी पुस्तक मिटलं आणि फळा झाडाच्या पलीकडं न्यायला सांगितलं. एक बाजू मी धरली, दुसरी वकिलाच्या मुलानं.